समाधान सोसायटीतला नम्र खांब

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता आमच्या समाधान सोसायटीच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं चपला काढून उभी होती, माना वर करून. दूधवाल्याने सायकल भिंतीला लावून हात जोडले होते. वॉचमनने गेट उघडं टाकलं होतं. शेजारच्या दोन इमारतींच्या खिडक्यांतून मोबाइल बाहेर आलेले. एक बाई हमसून हमसून रडत होती आणि तिची सून तिचं रडणं शूट करत होती.

चौथ्या मजल्याच्या वर, गच्चीवर, भीमराज सोनावण्यांचा रेडिओचा खांब वाकला होता. कालपर्यंत सरळसोट उभा असलेला चाळीस फुटी खांब आज अंगणाकडे कलला होता. बरोबर उंबराच्या झाडाकडे, आणि झाडाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडाकडे.

"गो अनुपमा, वर बघ," माझे वडील म्हणाले. "नमस्कार करता हा."

माझे वडील गुणाजी राऊळ. सगळी सोसायटी त्यांना अण्णा म्हणते, घरात आम्हीही. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं एका गोदामात पहारा केला आणि गेली सहा वर्षं ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मी मालाडच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. त्या सकाळी मी वर बघितलं, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि शाळेला उशीर होतोय म्हणून मी निघून गेले. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत फक्त दुसऱ्यांचेच दोष दाखवणं बरं दिसणार नाही.

वाकण्याची भविष्यवाणी आठ दिवस आधी झाली होती. श्रीनिरालंब महाराज नावाचे एक गृहस्थ ऑगस्टपासून दर रविवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सत्संग घेत. पन्नाशीचे, गुळगुळीत चेहऱ्याचे, आवाज मात्र घरच्या डॉक्टरसारखा. शेंदराचा दगड 'जागृत' असल्याचा शोध त्यांनीच लावला, आणि त्या जागी ध्यानमंदिर व्हावं ही देवाची इच्छाही त्यांनाच कळली. देवाची आणि त्यांची फ्रिक्वेन्सी एकच होती, असं ते म्हणत.

"तुमची शुगर का वाढते?" ते विचारायचे. "गुडघे का धरतात? मुलांची लग्नं का अडतात? वर बघा. जगभरच्या लहरी तो खांब ओढून घेतो. लंडनच्या, रशियाच्या, समुद्रात बुडालेल्या जहाजांच्या. त्या जाणार कुठे? तुमच्या स्वयंपाकघरात." मग डोळे मिटून, "पण देव कुणाला पाडत नाही. देव वाकवतो. अकरा दिवसांच्या आत हा खांब देवापुढे वाकेल."

आमच्या घरात आईचे गुडघे धरलेले होते आणि माझं लग्न अडलेलं होतं. अण्णा पहिल्या रांगेत बसायचे.

सोनावणे काका एकेकाळी मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा सरकारी परवाना कायम ठेवला, आणि रोज संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत बसून ते कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी तारयंत्रासारखी टिकटिक करत बोलायचे. काकू गेल्यापासून तेवढीच त्यांची सोबत. पावसाळ्यात ते खांब दुर्बिणीसारखा एकात एक मिटवून ठेवत, आणि पाऊस ओसरला की कप्पी फिरवून पुन्हा उंच करत. अंगणात पाणी कंबरेएवढं भरलं होतं आणि फोन मेले होते त्या जुलैत, अण्णा गोदामाच्या माळ्यावर सुखरूप आहेत हा निरोप आम्हाला, मिटवलेला असतानाही, याच खांबावरून आला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. काका चार मजले उतरून अंधारात दारात आले, म्हणाले, "वहिनी, गुणाजी बरा आहे, जेवून घ्या." आणि परत वर गेले, कारण अजून अकरा घरांचे निरोप यायचे होते.

खांब वाकला त्या रविवारी काका मुलुंडला आपल्या मुलीकडे, ऋतिकाकडे गेले होते. सोमवारी दुपारी परत आले तर गच्चीला नवं कुलूप. अण्णांनी सांगितलं, आता ते देवाचं काम आहे, आठवडाभर तरी कुणी हात लावायचा नाही.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले.

"मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन दुर्बिणीने बघून आलो," ते म्हणाले. "रस्त्याच्या बाजूची ताण-तार सैल आहे. लोंबतेय. आपोआप नाही होत तसं."

"तुम्ही अण्णांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाला, देवाने केली असेल सैल." ते खुर्ची पुढे ओढून बसले. "अनुपमा, खांब नुसता वाकलेला दिसतो लोकांना. मला तो पडताना दिसतोय. वारा आला तर त्याला धरायला त्या बाजूने काही नाही. आणि पडला तर कुठे पडेल? जिकडे वाकलाय तिकडे. जिथे सगळे हात जोडून उभे असतात तिथे."

मी म्हटलं, मी अण्णांशी बोलते. बोलले. अण्णा म्हणाले, "तू गप रव. माझ्या डोळ्यान बघलंय." आई म्हणाली, तिचा गुडघा कालपासून हलका वाटतोय. सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मी गप्प राहिले.

काकांनी पोलीस चौकीत अर्ज दिला. तिथल्या हवालदाराने शांतपणे सांगितलं की सोसायटीचा आपसातला मामला आहे, मिटवून घ्या. जिन्यात लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. एकदा भाजी घेऊन येताना मी ऐकलं, दुसऱ्या मजल्यावरचा एक माणूस हसत म्हणत होता, "खांबाला कळलं, मालकाला कधी कळणार? फार वर बांधला होता." ऐकणारे हसले. भीमराज सोनावण्यांच्या दारावर कुणाची तसबीर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या घरातला खांब सगळ्या इमारतीच्या डोक्यावर उभा आहे ही गोष्ट वीस वर्षं किती जणांना टोचत होती, ते मला त्या जिन्यात कळलं. चमत्काराला गर्दी होती, पण त्या गर्दीतल्या सगळ्यांनाच देव हवा होता असं नाही. काहींना फक्त तो खांब वाकलेला हवा होता.

दहाव्या दिवशी महाराजांचा चेला सर्वेश शिडी घेऊन आला. गच्चीवरून एक रुंद तांब्याची पट्टी इमारतीच्या मागच्या भिंतीवरून उतरून जमिनीत गेली होती. महाराजांनी सत्संगात सांगितलं होतं की या पट्टीतून खांब धरतीमातेची ऊर्जा शोषतो. सर्वेशने ती खालून दुसऱ्या मजल्यापर्यंत कापून काढली, आणि पुढच्या रविवारी तिची कडी करून वाटली. नम्र झालेल्या खांबाचं तांबं. संधिवातावर उत्तम. आईला एक मिळालं, अण्णांना एक. माझ्यासाठीही एक आणलं होतं, लग्नासाठी.

ते कडं हातात घेऊन मी पहिल्यांदा घाबरले. मी मुलांना अर्थिंग शिकवते.

मी चौथ्या मजल्यावर गेले. काका टेबलापाशी नुसते बसले होते, रेडिओ बंद.

"वीज पडते तेव्हा तिला जमिनीत जायचं असतं," ते म्हणाले. "मी तिला वेगळा जिना बांधून दिला होता. गच्चीवरून थेट खाली, कुणाच्या घरात न शिरता. खाली दहा फूट खोल तांब्याचा रॉड आहे. तो जिना यांनी मोडला आणि हातात घातला. आता वीज आली तर ती मिळेल त्या दाराने जाईल." मग खिडकीतून बोट दाखवलं. "आणि दार त्यांनीच करून दिलंय."

खांबाच्या मध्यापासून खाली अंगणातल्या मांडवापर्यंत सर्वेशने पताकांची माळ ओढली होती. सुतळी तुटते म्हणून पोलादी तारेवर. ती तार मांडवाच्या लोखंडी पाइपला बांधली होती. मांडवाखाली रोज संध्याकाळी दीडदोनशे माणसं बसत होती.

मी त्या रात्री अण्णांकडे गच्चीची किल्ली मागितली. त्यांनी ती बनियनच्या खिशातून काढली नाही. मी एवढंच केलं. मागितली.

एकविसाव्या दिवशी, रविवारी, महाआरती होती. चार वाजल्यापासून अंगण भरू लागलं, मालाडहून दोन बस आल्या. ऑक्टोबरची घामट दुपार, आणि पूर्वेला नॅशनल पार्कच्या डोंगरांमागे ढग उभे राहत होते, खालून काळे, वरून कापसासारखे. पाचच्या सुमारास दारावर थाप पडली. काका होते. हातात कापायची करवत, पान्हे, कातडी हातमोजे.

"कुलूप तोडायचंय," ते म्हणाले. "एकट्याने खांब उतरत नाही. तार धरायला दुसरं माणूस लागतं."

आईने माझ्याकडे बघितलं. मी चप्पल घातली.

गच्चीच्या दारापाशी त्यांनी मला थांबवलं. दूर एक वीज चमकली. त्यांनी मोजायला सुरुवात केली. गडगडाट पस्तिसाव्या अंकाला ऐकू आला.

"अजून दहा-बारा किलोमीटर लांब आहे. तीसच्या खाली आलं की हातातलं जे असेल ते सोडायचं आणि खाली पळायचं. खांब अर्धा राहिला तरी. मी थांबलो तरी तू पळायचं. कबूल?"

मी हो म्हटलं. कुलूप चार मिनिटांत तुटलं.

गच्चीवर गेल्यावर कोडं म्हणून काही उरलंच नाही. खांबाला तीन बाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेलं होतं. एक बाजू रस्त्याकडे, दोन अंगणाकडच्या कोपऱ्यांत. प्रत्येक तारेच्या टोकाला तिचा ताण कमी-जास्त करणारा लांबट स्क्रू होता. काकांनी प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर त्यावर लाल रंगाची आडवी रेघ मारली होती, अर्धी स्क्रूवर, अर्धी चौकटीवर. स्क्रू एक आटा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. शिवाय फिरू नये म्हणून बारीक तारेने बांधून टाकला होता. रस्त्याकडच्या स्क्रूची ती बारीक तार पक्कडीने कापलेली होती, टोकं चकचकीत. स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत उघडलेला. अंगणाकडचे दोन्ही तेवढेच आवळलेले. तिन्हीवरच्या लाल रेघा तुटलेल्या.

चमत्कार एवढाच होता. एका बाजूने सोडा, दोन बाजूंनी ओढा. पान्हा हातात असेल तर दहा मिनिटांचं काम.

मी मोबाइलवर फोटो काढले. काकांनी पताकांची तार आधी कठड्यापाशी कापून वरचा भाग गच्चीवर ओढून घेतला. मग अंगणाकडचे स्क्रू सैल करत, रस्त्याकडचा आवळत, त्यांनी खांब हळूहळू उभा केला. खालून मोठा गलका झाला. लाउडस्पीकरवर महाराजांचा आवाज आला, क्षणभर अडखळलेला आणि मग पुन्हा मधाळ. "पाहा. नमस्कार रुजू झाला. देवाने त्याला उठ म्हटलं."

काकांनी कप्पीचं हँडल धरलं आणि खांब मिटवायला लागले. वरचा तुकडा मधल्या तुकड्यात उतरू लागला. खालून आवाज आला, "आता साष्टांग. आता तो साष्टांग घालतोय." टाळ्या, शंख.

मी वरची तार हातमोज्यात धरून, ते सांगतील तशी सोडत होते. वीज चमकली की दोघंही मोजत होतो. तेहतीस. बत्तीस. वरचा तुकडा पूर्ण उतरला. मधला अर्ध्यावर अडकला. वीस दिवस वाकून राहिल्याने पाइपला पोक आलं होतं. काकांनी हँडल उलटं फिरवून बघितलं, हाताने थोपटलं, पुन्हा फिरवलं. एकतीस.

"राहू दे काका."

"एवढा उंच राहिला तर वाऱ्याने जाईल. खाली माणसं आहेत."

त्यांनी जोर लावला. पाइप एकदम सुटला, सगळं वजन पोलादी दोरावर आलं, हँडल अडवून धरणारी खिटी निसटली आणि ते उलटं गरगर फिरलं. मला फक्त आवाज आठवतो, ओली फांदी मोडल्यासारखा. खांब धाडकन पूर्ण मिटला आणि उभा राहिला. काका खाली बसले. त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली जिथे वळायला नको तिथे वळला होता, आणि अंगठ्यातून रक्त येत होतं.

मी त्यांना धरून दारात आणलं तेव्हा गडगडाट सव्विसावर होता.

त्यानंतर काय झालं, तर काहीच झालं नाही. सोसाट्याचा वारा आला, मांडवाचं कापड फाटून उडालं, पाच मिनिटं टपोरे थेंब पडले, विजा आरेच्या बाजूने पुढे निघून गेल्या. आमच्यावर वीज पडली नाही. खांब कुणाच्या अंगावर कोसळला नाही, कारण तो उतरवलेला होता. टळलेला अपघात कुणाला दिसत नाही. त्याला फोटो नसतो.

दिसला तो काकांचा हात. दोन्ही हाडं मोडलेली, अंगठ्याची शीर तुटलेली. ऋतिका मुलुंडहून धावत आली तेव्हा ऑपरेशन सुरू होतं. आणि मी रात्री घरी परतले तेव्हा जिन्यात नवा चमत्कार तयार होता. देवाच्या खांबाला हात लावला, देवाने हात घेतला.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा बोलावली गेली. विषय, कुलूप तोडल्याबद्दल सोनावणे आणि अनुपमा राऊळ यांच्यावर कारवाई. महाराज पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीत होते. त्यांचं मौन होतं.

मी घरातून पडद्याचा दांडा आणि तीन नाड्या नेल्या होत्या. दांडा टेबलावर उभा केला, तिन्ही नाड्या त्याच्या टोकाला बांधल्या आणि पहिल्या रांगेतल्या तीन बायकांच्या हातात एकेक टोक दिलं. "सारखं ओढा." दांडा उभा राहिला. "आता सपना वहिनी, तुम्ही सैल सोडा." दांडा बाकीच्या दोघींकडे कलला. सपना वहिनी स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

मग मी फोटो दाखवले. कापलेली तार, तुटलेल्या लाल रेघा. पट्टीचं तांबं आपल्या मनगटांत का आहे आणि ते भिंतीवर का हवं होतं, तेही सांगितलं. पंखे फिरत होते. कुणीतरी मागून विचारलं, "पण गच्चीला तर कुलूप होतं."

या प्रश्नाचं उत्तर मला आठ दिवसांपासून माहीत होतं. खांब वाकला त्या रविवारी कुलूप जुनंच होतं. त्याची एक किल्ली काकांकडे, ती मुलुंडला. दुसरी सेक्रेटरीकडे.

"किल्ली अण्णांकडे होती," मी म्हटलं. "त्यांनी सांगावं."

अण्णा उठले. मला वाटलं ओरडतील. ते माझ्याकडे न बघता हळू बोलले.

"सर्वेश लाउडस्पीकर लावूक म्हणून गेलो. मी वांगडा, तेच्या सोबत होतंय. महाराज म्हणाले, खांबाक नम्र होऊक जरा मोकळो करा. मी पान्हो धरलंय." त्यांनी घसा साफ केला. "देवाक जरा मदत केली, येवढाच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," सपना वहिनी म्हणाल्या.

"माका म्हायत होता. तरीपण सकाळी बघलंय तेव्हा अंगार काटो इलो." आणि मग, जणू हेही सांगून टाकावं म्हणून, "तेचो खांब सगळ्यांच्या डोक्यार कित्याक?"

मी म्हटलं, "अण्णा, त्या पुराच्या रात्री तुम्ही जिवंत असल्याचं आम्हाला त्याच खांबाने सांगितलं होतं."

ते खाली बसले. सपना वहिनींनी महाराजांना सरळ विचारलं, "महाराज, स्क्रू फिरवायला तुम्ही सांगितलंत?"

महाराजांनी मौन सोडलं. "स्क्रू निमित्त आहे, ताई," ते मंद हसून म्हणाले. "फिरवणारा तो."

आणि हॉलमधल्या निम्म्या माना हलल्या. होकारार्थी. पुरावा टेबलावर, कबुली झालेली, दांडा अजून तीन बायकांच्या हातात, आणि माना हलल्या. कारवाईचा ठराव मात्र पुढे ढकलला गेला.

ऋतिकाने जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार केली. ती नोंदवून घ्यायला चौथ्या फेरीला यश आलं. आठवड्याभरात महाराज आणि सर्वेश दुसऱ्या उपनगरात गेले. तिथल्या हॉलमध्ये वाकलेल्या खांबाचा मोठा फोटो लावलाय असं ऐकते. आमच्याकडे काहींनी कडी काढली, काहींनी नाही. आईने काढलं. गुडघा आहे तसाच आहे. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला बसलो की मीठ आईकडे मागतात.

सोनावणे काका मुलुंडला मुलीकडे राहतात. मी महिन्यातून एकदा जाते. हाड जुळलं, अंगठा पुरता वळत नाही. टिकटिक करायला अंगठा आणि तर्जनी लागतात. मी म्हटलं, डाव्या हाताने शिका. ते म्हणाले, शिकेन, पण खांब कुठे उभारू? ऋतिकाच्या सोसायटीने परवानगी नाकारली. त्यांच्या कानावर म्हणे आमच्याकडचं काहीतरी आलं होतं.

मला विज्ञान शिकवायला लागून सोळा वर्षं झाली. मी मुलांना सांगायची, प्रश्न विचारा. आता तेवढं पुरेसं वाटत नाही. प्रश्न मलाही पहिल्या सकाळी पडला होता. मी तो घेऊन शाळेत गेले, घरी आले, पेपर तपासले. आमच्या इमारतीत बत्तीस घरं आहेत, बारा पदवीधर, दोन इंजिनीअर, एक विज्ञानशिक्षिका. वीस दिवस सगळ्यांनी खालून वर बघितलं. गच्चीला जिना आहे. चार मजले चढायला पाच मिनिटं लागतात. कुलूप असेल तर किल्ली मागा, मिळाली नाही तर पुन्हा मागा, घरातल्या माणसाकडे असेल तर त्याच्याशी भांडून मागा. पण वर जा आणि बघा. मी एकविसाव्या दिवशी गेले, आणि तोवर इतका उशीर झाला होता की एका माणसाचा हात गेला.